ऐपतीतली बाग : जेफ हॅमिल्टनचं स्मरण



बोलायला लागण्याआधी एक काम उरकून घेते. टेबलावरची ही तपकिरी वीट मी या बादलीत ठेवते आणि वरून पाणी ओतते. तुमच्यातल्या बहुतेकांनी ती ओळखली असेलच. कोकोपीटची पाच किलोची वीट. नीट भिजली की साठ-सत्तर लिटर माल होतो, म्हणून बादली मोठी आणली आहे. ती भिजेपर्यंत आपण बोलू. मध्येच कुरकुर ऐकू आली तर ती विटेची समजा, माइकची नाही. हिच्याबद्दल मला पुढे बोलायचं आहे.

दरवर्षी एका माळ्याची आठवण काढायची असा या व्याख्यानमालेचा रिवाज आहे. संयोजकांनी मला नाव विचारलं तेव्हा मी इंग्लंडमधल्या टीव्हीवर बागकाम शिकवणाऱ्या जेफ हॅमिल्टनचं नाव घेतलं आणि फोनवर पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग अगदी सौजन्याने प्रश्न आला, "परदेशातलेच का? आपल्याकडे माणसं नाहीत का?" आहेत की! गणिताचे प्राध्यापक असलेल्या श्रीपाद दाभोळकरांनी प्रयोग परिवार उभा केला आणि दहा गुंठ्यांत काय काय होऊ शकतं हे लोकांना स्वतःच्या हाताने मोजायला शिकवलं. पण त्यांच्याबद्दल बोलायला माझ्याहून जास्त अधिकाराची मंडळी इथे पहिल्या दोन रांगांतच बसली आहेत. आपण ज्याच्याकडून शिकलो त्याच्याविषयी बोलावं, म्हणजे थापा मारायची वेळ येत नाही. मी शिकले ती जेफ हॅमिल्टनकडून. आणि मी त्याची विद्यार्थिनी आहे हे त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

त्याचा उल्लेख मी एकेरी करणार आहे, तेवढं सांभाळून घ्या. आठवड्यातून एकदा, वर्षानुवर्षं जो माणूस चिखलाचे बूट घालून आपल्या बैठकीच्या खोलीत येतो त्याला अहोजाहो करता येत नाही. आपण लताला लता म्हणतो, सचिनला सचिन म्हणतो, तसाच तिकडे तो जेफ.

त्याचं चरित्र थोडक्यात सांगते, कारण ते फार नाट्यमय नाही. जन्म 15 ऑगस्ट 1936, पूर्व लंडनमधल्या स्टेपनीत. बरोबर जुळा भाऊ, टोनी. मुलं लहान असतानाच कुटुंब हर्टफर्डशरमधल्या ब्रॉक्सबर्नला गेलं. तिथून जवळच ली नदीचं खोरं, जिथे काचघरांत टोमॅटो आणि काकडी पिकवणाऱ्या नर्सऱ्या होत्या. अशा नर्सऱ्यांत पोरवयात राबून त्याचा हात बसला. पुढे रिटल कॉलेजात उद्यानविद्येचं शिक्षण. मग लोकांच्या बागा करून देण्याचा धंदा. मग केटरिंगजवळ स्वतःचं गार्डन सेंटर, जे चाललं नाही. मग बागकामाच्या साप्ताहिकात लेखन, 'प्रॅक्टिकल गार्डनिंग' मासिकाचं संपादन, आणि 1979 पासून बीबीसीच्या 'गार्डनर्स वर्ल्ड' कार्यक्रमात. तिथून मरेपर्यंत तिथेच. सतरा वर्षं.

त्या बुडालेल्या गार्डन सेंटरचा उल्लेख चरित्रकार एका ओळीत करून पुढे जातात. मला तिथे थोडं थांबावंसं वाटतं. कुंड्या, रोपं, खतं विकून ज्याचा संसार नीट चालला नाही त्याला एक गोष्ट पक्की कळलेली असते : गिऱ्हाईक दारात येतं, किमतीची चिठ्ठी उलटून बघतं आणि रोप हळूच परत जागेवर ठेवतं. हे त्याने गल्ल्यामागे उभं राहून पाहिलं असणार. हा माझा तर्क आहे, त्याने असं कुठे म्हटल्याचं मी वाचलेलं नाही. पण पुढची सतरा वर्षं तो ज्या रीतीने बोलला, ते त्या रोप परत ठेवणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवूनच बोलला, असं मला कायम वाटत आलं आहे.

आता मी या गोष्टीत कुठून आले ते सांगते. 1989 साली यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही लेस्टरला राहायला गेलो. विटांच्या, एकमेकांना चिकटलेल्या घरांची रांग, आणि मागे खाटेसारखी लांबोडकी, अरुंद जमीन. मी मूळची मालवणकडची. परसात चालता चालता पायाखाली काहीतरी उगवत असतं अशा गावात वाढलेली. मला वाटलं, माती दिसते आहे, पाऊस आहे, अजून काय पाहिजे? मार्चमध्ये ऊन पडलेलं बघून मी कोथिंबीर पेरली. धने चिरडून, रात्रभर भिजवून, अगदी आईने शिकवल्यासारखी. काहीही उगवलं नाही. एप्रिलमध्ये परत पेरली. माती उकरून पाहिली तर धने कुजून त्यांची पेज झालेली. त्या भागात चिकणमाती आहे, पाणी धरते आणि वसंतात उशिरापर्यंत थंडगार राहते. जूनमध्ये पेरली ती उगवली, आणि चार पानं फुटतात न फुटतात तोच तिला दांडा येऊन फुलं आली. तिकडे जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि मोठ्या दिवसांत कोथिंबीर घाईने फुलावर येते, हे ज्ञान मला फार नंतर झालं. त्या वेळी मी एवढंच ठरवलं, की हा देशच कोथिंबिरीच्या विरोधात आहे.

शेजारी एक गुजराती आजी राहायच्या. सगळी गल्ली त्यांना बा म्हणायची. 1972 साली इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं तेव्हा लेस्टरला आलेल्या हजारो कुटुंबांपैकी त्यांचं एक. बांना इंग्रजी येत नव्हतं. पण त्यांच्या मागच्या अंगणात मेथी होती, लसूण होता, काचेखाली मिरच्या होत्या. मी माझं कोथिंबीरपुराण त्यांना ऐकवलं तेव्हा त्या म्हणाल्या, शुक्रवारी संध्याकाळी ये. गेले. टीव्हीवर 'गार्डनर्स वर्ल्ड' लागलेलं, आवाज जवळजवळ बंद. निळी जीन्स, जुना स्वेटर घातलेला एक धिप्पाड माणूस मातीत गुडघे टेकून काहीतरी लावत होता. मी आवाज वाढवायला उठले तर बांनी हाताने खुणावून बसवलं. "एना हाथ जो," त्या म्हणाल्या. त्याचे हात बघ.

पुढची सात वर्षं मी त्याचे हात पाहिले. शब्दही ऐकले, पण बांचं खरं होतं. बियाणं ओळीत सोडताना अंगठा आणि तर्जनी कशी चालते, रोप कुंडीतून काढताना ते खोडाला न धरता पानाला कसं धरायचं (खोड चिरडलं तर रोप गेलं, पान गेलं तर दुसरं येतं), मुळाभोवतीची माती किती दाबायची : हे शब्दांत सांगता येतं, पण कळत नाही. कॅमेरा त्याच्या तोंडापेक्षा हातांवर जास्त वेळ असायचा असं मला आठवतं. कदाचित बांमुळे मलाच तसं वाटत असेल.

त्याच्या आधी त्या कार्यक्रमाचा चेहरा होते पर्सी थ्रोअर. फार मोठा माणूस. श्रूझबरी शहराच्या उद्यानांचे अधीक्षक, टाय लावून बागकाम शिकवणारे. त्यांच्याविषयी बोलायला वेगळं व्याख्यान लागेल. इथे एवढंच, की 1970 च्या दशकात एका मोठ्या रसायन कंपनीच्या जाहिराती करायला त्यांनी होकार दिला आणि बीबीसीने त्यांना कार्यक्रमातून काढलं. थ्रोअर हे मोठ्या उद्यानांतून आलेले मास्तर होते. त्यांचं पाहताना प्रेक्षक मनात म्हणायचा, वा, काय बाग आहे. जेफचं पाहताना तो म्हणायचा, हे तर मीही करीन. या दोन वाक्यांतलं अंतर मला फार मोलाचं वाटतं.

जेफची बाग होती बार्न्सडेलला. रटलंड नावाचा परगणा आहे, इंग्लंडमधल्या सर्वांत चिमुकल्या परगण्यांपैकी एक. आमच्या लेस्टरपासून तासाभराच्या आत. आधी त्याने तिथे थोडी जमीन भाड्याने घेतली होती, मग 1983 च्या सुमारास जवळच एक घर आणि पाचेक एकर जमीन घेतली आणि तिथूनच चित्रीकरण सुरू केलं. पाच एकर म्हणजे आपले दोनशे गुंठे. एवढी जागा हाताशी असलेला टीव्हीवरचा माणूस सहसा काय करील? तळं करील, हिरवळ पसरील, लांबलचक दृश्यं उभी करील. याने त्या पाच एकरांचे तुकडे केले. एकेका तुकड्यात एकेक छोटी बाग, प्रेक्षकाच्या घरामागे असते तेवढीच. नवं घर घेतलेल्या, कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या जोडप्याची पहिली बाग. शहरातल्या भिंतींमधली बाग. भाजीपाला आणि फुलं सरमिसळ लावलेली शोभिवंत परसबाग. कुंपणांनी वेगळ्या केलेल्या खोल्याच जणू. आपल्याकडे मोठ्या जमिनीचे तुकडे पडले की भाऊबंदकी आठवते. इथे एका माणसाने आपणहोऊन जमीन तुकड्यांत वाटली, ती कधी न भेटलेल्या लोकांसाठी.

1995 साली त्याची कॉटेज गार्डनवरची मालिका आली. कॉटेज गार्डन म्हणजे खेड्यातल्या घरापुढची, फुलं-भाज्या-औषधी सगळं गर्दीने लावलेली बाग. त्या मालिकेसाठी त्याने शेजारीशेजारी दोन बागा केल्या. एक जंटलमनची, आपल्या भाषेत रावसाहेबांची म्हणू. दुसरी कारागिराची. रावसाहेबांच्या बागेत चांगला दगड, तयार बाकं, विकत आणलेली मोठी झाडं. कारागिराच्या बागेत जुन्या विटा, स्वतः ठोकलेलं बाक, बियांपासून आणि छाटापासून केलेली रोपं. दोन्ही बागा सुंदर झाल्या. त्याने गरिबांना श्रीमंतांची बाग दाखवून जीव जाळला नाही, आणि गरिबीचं कौतुकही केलं नाही. खर्च किती आला, तोच परिणाम कमी पैशात कुठे साधला आणि कुठे साधला नाही, हे उघड्यावर मांडलं. माझ्या माहितीत बागकामाच्या कार्यक्रमात इतकी प्रामाणिक मांडणी दुसऱ्या कुणी केलेली नाही.

ठोकाठोकीचा त्याला नादच होता. टाकून दिलेल्या खिडकीची काच वर लावून थंडीत रोपं सांभाळायची पेटी. लाकडाच्या पट्ट्यांची चौकोनी कुंडी, जी दुकानात राजवाड्याच्या भावात मिळते. प्लॅस्टिकच्या बाटल्यांची बुडं कापून रोपांवर टोप्या. गाजरावर एक माशी अंडी घालते आणि तिच्या अळ्या गाजर पोखरतात. ती माशी जमिनीलगत, फार तर दोन फूट उंचीवरून उडते. मग वाफ्याभोवती दोन फूट उंच प्लॅस्टिकचा पडदा लावला की ती आपोआप दुसरीकडे जाते. फवारणी नाही, खर्च नाही. मी हा पडदा ड्रायक्लीनिंगच्या पिशव्या फाडून, भातवाढीच्या चमच्याएवढ्या खुंट्यांवर बांधला होता. पहिल्याच वाऱ्यात तो उडून बांच्या मेथीत गेला. दुसऱ्या वर्षी बांबू लावले. त्या डिसेंबरात आमच्याकडे घरच्या गाजरांचा हलवा झाला. गाजरं केशरी होती, आपल्यासारखी लाल नव्हती, पण तो भाग वेगळा.

त्याच्या सौंदर्यदृष्टीबद्दल नाकं मुरडणारेही होते, आणि ते अगदीच चूक नव्हते. त्याचे काही मांडव, काही रंगवलेले खांब मलाही बटबटीत वाटायचे. बागेचं सौंदर्य शिकायचं तर ते इतरांकडून शिकावं. इंग्लंडात त्या बाबतीत गुरूंची वाण नव्हती. पण ज्याने कधी हातोडी धरली नाही अशा बँकेतल्या कारकुनाने शनिवारी सकाळी चार फळ्या आणून काहीतरी उभं केलं, तर ते थोडं वाकडं दिसणारच. जेफचंही थोडं वाकडं दिसायचं. त्यामुळेच तर कारकुनाला धीर यायचा.

आता मी ज्यासाठी हा विषय घेतला तिथे येते. बघा, बादलीतून आवाज येतो आहे.

जेफ सुरुवातीला काही सेंद्रियवाला नव्हता. त्याच्या पिढीतला कॉलेजात शिकलेला प्रत्येक माळी पोत्यातलं खत आणि बाटलीतलं औषध घेऊनच बाहेर पडला होता. सेंद्रिय बागकाम म्हणजे झोळीवाल्या लोकांचं खूळ असा एकूण समज होता. जेफही साशंकच होता. पण त्याने दोन्ही पद्धती करून पाहिल्या, आणि जे दिसलं त्यावरून मत बदललं. 1987 साली त्याचं सेंद्रिय बागकामावरचं पुस्तक आलं. पुढे तो कार्यक्रमात रासायनिक औषधं वापरेना. टोमॅटोशेजारी मखमली झेंडू, मावा खाणाऱ्या किड्यांसाठी फुलांची जागा, कॉम्फ्री नावाच्या वनस्पतीची पानं कुजवून केलेलं पोटॅशचं पाणी, आणि ढीगभर कंपोस्ट. कॉम्फ्रीच्या त्या पाण्याला जो वास येतो त्याचं वर्णन मी या सभागृहात करणार नाही. नंतर चहा आहे.

मत बदलणं सोपं नसतं. टीव्हीवर, ज्या लाखो लोकांना तुम्हीच काल एक सांगितलं त्यांच्यासमोर मत बदलणं तर फारच अवघड. त्याने ते दोनदा केलं. दुसऱ्यांदा केलं ते पीटच्या बाबतीत.

पीट म्हणजे काय? थंड, ओल्या दलदलीत स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं आणि मरतं. पाण्याखाली हवा नसल्यामुळे ते पूर्ण कुजत नाही, थरावर थर साचत जातो. वर्षाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे माणसाच्या कमरेएवढा थर साचायला हजार वर्षं लागतात. हा माल हलका, स्वच्छ, पाणी धरणारा आणि स्वस्त. 1960-70 च्या दशकांपासून ब्रिटनमधल्या नर्सऱ्या आणि घरगुती बागा त्यावर चालू लागल्या. कुंडीत पीट, वाफ्यात पीट, गुलाबाखाली पीट. यॉर्कशरमधल्या थॉर्न आणि हॅटफील्डच्या दलदली यंत्रांनी खरवडून पोत्यांत भरल्या जात होत्या. पृथ्वीच्या जमिनीपैकी फक्त तीनेक टक्के भागावर अशा दलदली आहेत, पण त्यांत जगातल्या सगळ्या जंगलांपेक्षा जास्त कार्बन साठलेला आहे. खणून बागेत पसरला की तो हळूहळू हवेत जातो. जेफही आधी पीट वापरायचा. सगळेच वापरायचे. 1990 च्या सुमारास निसर्गप्रेमी संस्थांनी पीटविरुद्ध मोहीम उघडली तेव्हा बागकामातल्या अनेक नामवंतांनी कानांवर हात ठेवले. जेफ मोहिमेच्या बाजूने उभा राहिला आणि पीट सोडलं. त्याचप्रमाणे डोंगरावरच्या चुनखडीच्या नैसर्गिक लाद्या उखडून बागेतल्या शोभेच्या खडकांसाठी विकल्या जात, त्यालाही त्याने विरोध केला. इथे तो त्याच्या स्वभावाला जागला. विरोध करून थांबला नाही, सिमेंट, वाळू वगैरे कालवून घरच्या घरी दगड कसा करायचा ते दाखवलं.

पण पीटऐवजी काय? त्याने जे पुढे केलं त्यात एक होता नारळाच्या काथ्याचा भुसा.

मी बांच्या सोफ्यावर बसले होते. टीव्हीवर जेफच्या हातात एक तपकिरी वीट. तो ती पाण्यात टाकतो, ती फुगते, तो मूठभर उचलून कॅमेऱ्यासमोर धरतो आणि सांगतो की हे नारळाच्या सोललेल्या सालीपासून होतं, श्रीलंका-भारताकडून येतं. मी मोठ्याने हसले. बा घाबरल्या. मला आमची मालवणची न्हाणी आठवली. कोपऱ्यात रचलेली नारळाची सोडणं, आणि आंघोळीच्या पाण्याखाली ती एकामागून एक सारणारी मी. आजी ओरडायची, "सगळी सोडणां जाळू नको गो, माडाच्या आळ्यात घालूक हवी!" माडाच्या बुंध्याभोवती चर खणून सोडणं थरांनी पुरायची, खोलगट बाजू वर करून, म्हणजे प्रत्येक सोडण पावसाचं पाणी वाटीसारखं धरून ठेवतं आणि मे महिन्यात मुळांना ओल मिळते. कोकणात आणि केरळात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. आणि तेच सोडण, वीट होऊन, बोटीने रटलंडला पोचलं होतं. एक गंमत अशी की इंग्रजांना ते नवीन नव्हतंच. राणी व्हिक्टोरियाच्या काळात, 1860 च्या सुमारास, लंडनचे माळी नारळाचा भुसा वापरत. मग पीट स्वस्त झालं आणि ते विसरले. विसरणं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही.

हेही सांगायला हवं, की काथ्याचा भुसा म्हणजे काही अमृत नाही. सोडणं खाऱ्या पाण्यात भिजवलेली असली तर भुशात मीठ उरतं. ते धुवावं लागतं, नाहीतर रोपांची पानं कडांनी करपतात. त्यात अन्नद्रव्यं जवळजवळ नसतात, खत बाहेरून द्यावं लागतं. पीटवर हात बसलेला माणूस वरचा थर कोरडा दिसला की पाणी ओततो, खाली मात्र चिखल असतो आणि मुळं कुजतात. त्या काळात लेस्टरमध्ये माझ्या ओळखीच्या दोघाचौघांनी हौसेने काथ्या आणला आणि रोपं मारली. जेफची या बाबतीत थोडी घाई झाली असं मला वाटतं. पर्याय उत्साहाने पुढे केला, त्याच्या खोडी शिकवायला मात्र वेळ कमी दिला. शिवाय हजारो मैलांवरून बोटीने आणलेला भुसा किती निसर्गस्नेही, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

आता पुढची गंमत. मी 1998 साली पुण्याला परतले. काही वर्षांनी इथल्या नर्सरीत गेले तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, कोकोपीट घ्या, एकदम नवीन आलंय." ज्या वस्तूने पीटची जागा घ्यावी म्हणून जेफ भांडला तिच्याच शेपटाला पीट हा शब्द चिकटून ती आपल्याकडे परत आली होती. आजीच्या सोडणाला परदेशी आडनाव लागलं आणि किंमत आली. मी दोन विटा घेतल्या. आणि घरी येऊन तीनदा धुतल्या.

ब्रिटनमध्ये काय झालं विचाराल तर 2022 साली तिथल्या सरकारने जाहीर केलं की 2024 पर्यंत घरगुती बागांसाठी पीट विकायला बंदी येईल. ती तारीख उलटून गेली. जेफने तोंड उघडल्याला तोवर तीस वर्षांहून जास्त काळ लोटला होता.

जेफला मात्र यातलं काही पाहायला मिळालं नाही. 4 ऑगस्ट 1996. वेल्समधल्या मर्थर टिडव्हिलजवळ, सायकलींसाठी रस्ते बांधणाऱ्या एका धर्मादाय संस्थेच्या मदतीसाठी सायकलफेरी होती. जेफ त्यात सायकल चालवत होता. वाटेतच हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला. साठावा वाढदिवस अकरा दिवसांवर होता. त्याची 'पॅरडाइज गार्डन्स' ही मालिका त्याच्या मागे दाखवली गेली. गेलेला माणूस दर आठवड्याला पडद्यावर येऊन हसत हसत पुढच्या हंगामाची कामं सांगत होता, ते बघणं जड गेलं. बांनी एकही भाग चुकवला नाही. मी दोन पाहिले आणि थांबले. गुलाबांच्या जाती तयार करणाऱ्या डेव्हिड ऑस्टिनने एका गुलाबी गुलाबाला त्याचं नाव दिलं. कार्यक्रम अॅलन टिचमार्शकडे गेला, आणि त्यानेही तो चांगला चालवला.

भारतात परतण्याआधी, 1998 च्या उन्हाळ्यात मी बार्न्सडेल पाहायला गेले. जेफच्या मुलाने, निकने, बाग लोकांसाठी खुली केलेली. बांना घेऊन गेले होते. त्या काठी टेकत एकेका तुकड्यापाशी थांबत आणि मान हलवत. टीव्हीत पाहिलेल्या सगळ्या जागा अपेक्षेपेक्षा लहान निघाल्या. आमच्या घरामागच्या जमिनीएवढ्याच. मला आधी थोडी निराशा वाटली, मग लक्षात आलं की तसंच तर होतं सगळं.

कारागिराच्या बागेत आलो तेव्हा तिथे साठीपलीकडचं एक जोडपं होतं. बाई पावसाळी कोट घालून उभ्या होत्या. गृहस्थ मात्र गवतावर चक्क आडवे झाले होते. मला वाटलं चक्कर आली. मी पुढे झाले तर ते जेफने ठोकलेल्या लाकडी बाकाच्या खाली डोकं घालून सांधा कसा जोडला आहे ते बघत होते. मग उठून बसले, खिशातून मोजपट्टीची गुंडाळी काढली, बाकाची लांबी मोजली, रुंदी मोजली, पाठीचा कल हाताने अंदाजला. बाईंनी पर्समधून प्रवेशाचं तिकीट काढून दिलं आणि त्यांनी ते गुडघ्यावर ठेवून मागच्या कोऱ्या बाजूला आकडे लिहायला सुरुवात केली. पायांची उंची राहिली होती. मोजपट्टीचं दुसरं टोक धरायला कुणी तरी हवं होतं, म्हणून बा काठी माझ्या हातात देऊन खाली वाकल्या.